बखर नको, चिटोरी जमवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. लाडक्या अंडरग्राउंड बँडच्या पहिल्या डेमो कॅसेटला यंदा २५ वर्षं होतायत. बँड केव्हाच फुटला. तुम्ही १२ चाहते मिळून एक अंक काढणार आहात आणि एका संध्याकाळी एकत्र जमणार आहात. लेख हातात आले, पण सगळे एकाच माणसानं लिहिल्यासारखे वाटतात. जवळ ११ कॅसेट, काही पोस्टरं आणि फोटोंचं एक पाकीट आहे. या सगळ्याचं काय करायचं, आणि बँडमधल्या मंडळींना बोलवायचं की नाही?

मी २० हून जास्त वर्षं असले अंक काढतेय, बहुतेक झेरॉक्सवर. त्याआधीची दोन-तीन वर्षं नुसतेच वाईट लेख लिहीत होते. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आधी लेख. ते एकसारखे झालेत, कारण बाराही जणांनी स्वतःबद्दल लिहिलंय. रात्री हेडफोन लावून पहिल्यांदा ऐकलं आणि अंगावर काटा आला, हे वाक्य संपादक म्हणून मी इतक्या वेळा वाचलंय की आता तो काटा मलाच टोचतो. खोटं नसतं ते. पण त्या वाक्यात बँड कुठेच नसतो. बँडचं नाव खोडून दुसऱ्या कुठल्याही बँडचं नाव घाला, लेख जसाच्या तसा चालतो. प्रत्येक लेखावर ही एकच परीक्षा घेऊन बघा. बारातले दहा तिथेच गळतील.

माझा पहिला मोठा लेख आठ पानांचा होता. ज्या बँडच्या मागे मी वेडी होते त्यांच्या एका शोबद्दल. त्यात मी लिहिलं होतं की शेवटच्या गाण्यात वीज गेली आणि अंधारात सगळ्यांनी मिळून गाणं पूर्ण केलं. लोकांना ते फार आवडलं. नंतर मी ते इतक्यांदा सांगितलं की मला ते दिसायलाही लागलं. नऊ वर्षांनी त्या रात्रीची टेप मिळाली. कुणीतरी बॅटरीवर चालणारा छोटा रेकॉर्डर खिशात घेऊन आलं होतं, म्हणून ती झाली. वीज शेवटच्या नव्हे, दुसऱ्याच गाण्यात गेली होती. कुणी काही गायलं नव्हतं. चाळीसेक सेकंद शांतता, एक खोकला, मागून कुणीतरी ‘पैसे परत द्या’ म्हणतं, थोडं हसू. आणि मग ड्रमर एकटा वाजवायला लागतो. त्याला विजेची गरजच नव्हती. चार मिनिटं तो वाजवतो, सुरुवातीला चाचपडत, मग अचानक पुढच्या गाण्याच्या ठेक्यावर येतो, आणि वीज परत येते तेव्हा बास बरोबर समेवर पडते.

मी तिथे हजर होते. हे सगळं माझ्यासमोर घडलं होतं. आणि मी ते टाकून एक गुळगुळीत गोष्ट लिहिली होती.

आपल्याकडचे इतिहास संशोधक बखरीवर डोळे मिटून विश्वास ठेवत नाहीत. बखर मागाहून लिहिलेली असते, भक्तीनं लिहिलेली असते आणि वाचायला झकास असते. त्या काळातलं एखादं अस्सल चिटोरं सापडलं की बखरीची पानंच्या पानं लटकी पडतात. चाहत्यांच्या लेखनाचं तंतोतंत हेच आहे. तुमच्याकडे आलेल्या बारा बखरी आहेत. आणि चिटोरी मात्र त्या पाकिटात पडून आहेत.

मोठमोठ्या बँडच्या बाबतीतही ‘ध’चा ‘मा’ कसा होतो ते बघा. न्यूयॉर्कच्या व्हेल्व्हेट अंडरग्राउंड या बँडचा पहिला अल्बम १९६७ चा. त्याबद्दल संगीतकार ब्रायन ईनो १९८२ च्या एका मुलाखतीत म्हणाला होता की त्याच्या पहिल्या पाच वर्षांत ३०,००० प्रतीच खपल्या, पण ज्यानं ज्यानं ती घेतली त्यानं त्यानं बँड काढला असावा. वाक्य फक्कड होतं, म्हणून चाहत्यांनी ते तोंडोतोंडी पुढे नेलं. नेता नेता आकडा घसरत गेला. कुणी १०,००० म्हणतं, कुणी हजारावर आणून ठेवतं. कारण प्रती जितक्या कमी, तितकी गोष्ट गोड. पुढे कंपनीचा मानधनाचा हिशोब उजेडात आला. त्यात फेब्रुवारी १९६९ पर्यंतच ५८,००० हून जास्त प्रती गेल्याची नोंद आहे. म्हणजे दोन वर्षांत जवळपास दुप्पट. एका चिटोऱ्यानं काम केलं.

किंवा ते गिटारच्या तीन कॉर्डचं प्रसिद्ध चित्र. हा एक कॉर्ड, हा दुसरा, हा तिसरा, आता बँड काढा. ते ‘स्निफिंग ग्लू’ या लंडनच्या पंक अंकात आलं असं चाहते छातीठोकपणे लिहितात. ते आलं ‘साइडबर्न्स’ नावाच्या दुसऱ्याच एका छोट्या अंकात. ‘स्निफिंग ग्लू’ जास्त प्रसिद्ध, म्हणून श्रेय तिकडे वाहत गेलं. (हा मार्क पेरीचा अंक. पेरी बँकेत कारकून होता. जुलै १९७६ मध्ये त्यानं टाइपरायटर आणि स्केचपेननं पहिला अंक उभा केला, खाडाखोड तशीच ठेवली, आणि वर्षभरानं अंक चांगला चालत असताना बंदही केला. बंद कधी करायचं हे कळणारे संपादक मी फार थोडे पाहिलेत. मला ते जमलेलं नाही.)

अंडरग्राउंड बँडच्या बाबतीत ही जबाबदारी जास्त आहे, कारण दुसरं कुणी लिहिणारच नाही. मोठ्या बँडबद्दल चाहत्यानं चुकीचं लिहिलं तर पन्नास पत्रकार, कंपनीचे कागद, टीव्हीचं चित्रण ती चूक दुरुस्त करतात. तुमच्या बँडबद्दल तुम्ही जे लिहाल तेच उरेल. डेट्रॉइटच्या डेथ या बँडचं उदाहरण घ्या. हॅकनी आडनावाचे तीन भाऊ. १९७५ मध्ये रेकॉर्डिंग केलं, १९७६ मध्ये स्वतःच एक छोटी तबकडी काढली, ५०० प्रती. बस. पुढची तीसेक वर्षं तो बँड म्हणजे काही संग्राहकांच्या कपाटातल्या तबकड्या एवढंच होता. त्या तबकड्यांवरून माग काढत लोक भावांपर्यंत पोचले आणि २००९ मध्ये जुन्या रेकॉर्डिंगचा अल्बम आला. त्या तबकड्या कुणी जपल्या नसत्या तर?

तर अंकाची रचना मी अशी सुचवेन की लेख बाजूला ठेवा आणि आधी नोंदी करा. प्रत्येक शोसाठी एक कार्ड. तारीख, जागा, सोबत कोण वाजवलं, गाणी कुठल्या क्रमानं, तिकीट किती, माणसं किती, कोण आजारी होतं, कुठला अँप उसना होता. जे ठाऊक नाही तिथे कोरं ठेवा. अंदाजानं भरू नका. वॉशिंग्टनच्या फुगाझी या बँडचं काम या बाबतीत डोळ्यांपुढे ठेवा. १९८७ ते २००३ या काळात त्यांनी हजाराहून जास्त शो केले आणि त्यातल्या ८०० हून जास्त शोंचं रेकॉर्डिंग त्यांच्याच ध्वनी-माणसांनी जपलं. २०११ पासून ते लोकांसाठी खुलं होत गेलं, आणि मग चाहत्यांनी आपल्याकडचे फोटो, पत्रकं, आठवणी त्या त्या तारखेखाली आणून ठेवल्या. तिकीट शक्य तिथे ५ डॉलरच ठेवायचं, हे त्यांचं धोरण होतं. हे धोरण म्हणून वाचलं तर नुसतं तत्त्व वाटतं. पण शोमागून शो दारावरचा दर वाचत गेलात की त्या माणसांनी ते किती चिवटपणे पाळलं ते दिसतं. विशेषण लावावंच लागत नाही.

चिटोरं म्हणजे फक्त तिकीट नव्हे. लुईव्हिलच्या स्लिंट या बँडनं १९९१ मध्ये त्यांचा दुसरा अल्बम काढला तेव्हा वेष्टनावर एक ओळ छापली होती: गायिका हव्यात, पत्र लिहा. खाली पत्ता. आणि अल्बम बाजारात आला तोवर बँडच मोडला होता. आता या एका ओळीत काय काय आहे बघा. आवाजात काहीतरी कमी पडतंय हे त्यांना कळत होतं, पुढचा बेत डोक्यात होता, आणि सगळं कोलमडेल हे छापखान्यात कागद जाईपर्यंत ठाऊक नव्हतं. तुमच्या पोस्टरांवर, कॅसेटच्या आतल्या कागदावर अशा ओळी असणार. आभारांची यादी वाचा. दुसऱ्या डेमोवर कुणाचे आभार गायब झाले ते बघा.

आता ऐकण्याबद्दल, कारण चाहत्यांच्या लेखनात सगळ्यात दुबळी जागा ही असते. ‘गिटारची भिंत’, ‘कच्चा आवाज’, ‘संमोहित करणारं’, ‘प्रामाणिक’. हे चार शब्द तुमच्या अंकातून मी आधी काढून टाकीन. ते चुकीचे आहेत म्हणून नव्हे. ते कारण सांगत नाहीत म्हणून.

पुन्हा व्हेल्व्हेट अंडरग्राउंडकडे जाऊ. ते संमोहित करतात हे खरंच. कशानं? त्यांची ड्रमर मॉरीन टकर उभी राहून वाजवायची. बास ड्रम आडवा टाकलेला आणि त्यावर काठ्यांऐवजी बऱ्याचदा मऊ टोकाच्या मोगऱ्या. झांजा जवळजवळ नाहीतच. रॉकमध्ये कडवं संपलं, जागा बदलली, की झांज खणकते आणि कानाला सांगते की आता नवं काही. ती खूणच काढून टाकल्यावर कानाला कळत नाही आपण कुठवर आलो. त्यावर बँडमधल्याच जॉन केलचा व्हायोला. त्यानं तारा टिकवायची घोडी घासून सपाट केली होती, म्हणजे गज एका वेळी अनेक तारांवर फिरेल आणि स्वर तुटणार नाही. काही गाण्यांत गायक-गिटारवाल्या लू रीडनं गिटारच्या सगळ्या तारा एकाच स्वरात लावल्या. तंबोऱ्यात वाढलेल्या कानाला हे सांगायला दोन वाक्यं पुरतात. खालचा षड्ज हलतच नाही आणि ठेका कुठे वळण घेत नाही, मग वेळ थांबल्यासारखी वाटणारच. झालं, ‘संमोहित’ शब्दाची गरज संपली.

आपल्या भाषेत ऐकण्याचे शब्द भरपूर आहेत आणि रॉकबद्दल लिहिताना आपण ते उगाच घरी ठेवून येतो. ठेका, मात्रा, सम, खर्ज, लय चढली, सूर उतरला. एखादं गाणं अडखळल्यासारखं वाटतंय? टाळी देऊन मोजा. सातनंतर पुन्हा पहिली येत असेल तर लिहा की सात मात्रांचं आवर्तन आहे आणि गायक मात्र आठच्या हिशोबानं ओळ टाकतो, म्हणून प्रत्येक वेळी शेवटचा शब्द ड्रमवर आपटतो. फक्त याचा अतिरेक नको. एका मुलानं मला पंक गाण्याचा राग ओळखून पाठवला होता. मी परत पाठवला.

एक युक्ती सांगते. लेखकाला सांगा की गाण्यातली एकच जागा निवड, पाच ते दहा सेकंदांची, आणि तिच्यावर पानभर लिही. उदाहरणार्थ, दुसऱ्या कडव्यानंतर बास थांबते, गिटारवाला पेडलवर पाय ठेवतो तो खट्ट आवाज टेपवर आलाय, आणि मग आवाज फुटतो. तो खट्ट आवाज ज्यानं पंचवीस वर्षं ऐकलाय त्याचं प्रेम वेगळं सिद्ध करावं लागत नाही. तुमच्या बारा जणांना बारा जागा वाटून द्या. लेख एकसारखे होण्याची तक्रार तिथेच मिटेल.

कॅसेटकडे येते. इथे घाई करू नका, कारण एक चूक झाली की परत फिरता येत नाही.

पहिलं काम म्हणजे मागच्या कडेच्या दोन छोट्या खुट्ट्या मोडा, म्हणजे चुकून त्यावर दुसरं काही रेकॉर्ड होणार नाही. कॅसेट थंड कपाटातून काढली असेल तर दिवसभर खोलीत राहू द्या. लगेच वाजवू नका, एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळा. वर्षानुवर्षं पडून फीत एकमेकीला चिकटलेली असते. वाजवायचं यंत्र चांगलं हवं, आणि हेड, म्हणजे फीत वाचणारा भाग, साफ केलेलं. मग हेडचा कोन. रेकॉर्ड करणाऱ्या यंत्राचा कोन आणि तुमच्या यंत्राचा कोन किंचित जरी वेगळा असला तरी वरचे स्वर मरतात, सगळं गोधडीखालून आल्यासारखं वाटतं. हेडशेजारी एक छोटा स्क्रू असतो. टेप चालू ठेवून, डावा आणि उजवा आवाज एकत्र करून ऐकत तो केसभर फिरवा. टेपची सरसर सगळ्यात तीक्ष्ण ऐकू येईल तो बरोबर कोन. प्रत्येक कॅसेटसाठी हे पुन्हा करावं लागतं. हो, अकराही. ‘आवाज कच्चा होता’ असं ज्या डेमोंबद्दल लिहिलं गेलंय त्यातल्या काहींचा आवाज कच्चा नव्हताच. ऐकणाऱ्याचा स्क्रू फिरलेला होता.

मूळ प्रत संगणकात २४ बिटमध्ये, न दाबलेल्या फाइलमध्ये घ्या आणि तिला हात लावू नका. सरसर काढायची असेल तर ती वेगळ्या प्रतीवर.

मग वेग. कॅसेटचा ठरलेला वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. स्वस्त यंत्रं तो पाळतातच असं नाही. आणि वेग सहा टक्के चुकला की सूर बरोबर अर्ध्या स्वरानं सरकतो. एका बँडच्या चाहत्यांमध्ये मी दहा वर्षं वाद ऐकलाय की सुरुवातीला ते गिटार अर्धा स्वर चढी लावायचे, नंतर गायकाचा आवाज बसला म्हणून उतरवली. लेख आले यावर. गायकाच्या सिगारेटींवर एक परिच्छेद होता! प्रत्यक्षात त्या पहिल्या डेमोची जी प्रत सगळीकडे फिरली ती करताना मूळ टेप ज्या यंत्रावर वाजवली ते जलद पळत होतं. तपासायचं कसं? दोन गाण्यांच्या मधली शांतता घ्या. अँपची घुरघुर तिथे ऐकू येते. ती विजेच्या पुरवठ्याची असते, ५० हर्ट्झ किंवा देशाप्रमाणे ६०, आणि तिच्या दुपटीवर बहुधा जास्त स्पष्ट. संगणकावर तिचा आलेख काढा. ५० च्या जागी ५३ दिसलं तर टेप सहा टक्के जलद आहे. गिटारवाल्यानं मध्येच मोकळी जाडी तार छेडली असेल तर तीही साक्ष देते. नेहमीच्या जुळणीत ती ८२.४ हर्ट्झला असते. ८७ च्या पुढे गेली तर गायकाच्या सिगारेटींना दोष देऊ नका.

प्रत्येक टेपची वंशावळही लिहा. मूळ की प्रत, प्रत असेल तर कितवी, कुणाकडून आली, साउंडबोर्डवरून की गर्दीतून. क्योटोमध्ये १९६७ मध्ये सुरू झालेला ले रालीझ देन्युदे हा बँड बघा. बँड चालू होता तोवर त्यांनी अधिकृतपणे काढलं ते जवळजवळ १९९१ मधल्या तीन सीडी एवढंच. बाकी बहुतेक सगळं दशकानुदशकं प्रतींच्या प्रतींवर फिरलं. त्यांचा मूळचा फीडबॅक भयंकर होताच, पण हातोहात फिरलेली टेप ऐकताना त्यातलं बँडचा म्होरक्या मिझुतानी याच्या गिटारचं किती आणि टेपच्या झिजेचं किती, हे सांगणं कठीण होऊन बसलं. त्याच्या मृत्यूनंतर मूळ टेपांवरून प्रती निघायला लागल्या तेव्हा कुठे हे वेगळं ऐकता आलं. या बँडबद्दल चाहते दुसरंच एक आवर्जून लिहितात: त्यांचा सुरुवातीचा बासवादक १९७० च्या जपानी विमान अपहरणात सामील होता. खरं आहे ते. पण लेखाची पहिली तीन पानं विमानात जातात आणि संगीताला एक परिच्छेद उरतो, याला मी बँडबद्दलचा लेख म्हणत नाही.

मुलाखती घेणार असाल तर ‘प्रेरणा कुठून मिळाली’ हा प्रश्न विचारू नका. त्याचं उत्तर प्रत्येकाकडे पाठ असतं. गाडी कुणाची होती विचारा. पेट्रोलचे पैसे कोण द्यायचं. सराव कुठे चालायचा आणि शेजारी कधी यायचे. पहिला ड्रमर का गेला, हे त्यालाच विचारा, उरलेल्यांना नव्हे. गायकाला स्वतःच्या दंतकथा आठवतात, ड्रमरला तारखा आठवतात, का ते मला आजवर कळलेलं नाही. आणि साउंडवर बसलेला माणूस, पोस्टरं छापणारी मैत्रीण, दारावर पैसे घेणारा, यांना तर कुणी आजवर काही विचारलेलंच नसतं. मुलाखतीला जाताना फोटो घेऊन जा. माणूस प्रश्नाला टाळतो, फोटोला टाळत नाही. फोटोत कडेला अर्धा दिसणारा कोण, एवढं विचारलंत की तास सहज जातो.

तुमच्यापैकी एकानं तिसरा अल्बम फसला असं लिहिलंय आणि बाकीच्यांना ते उत्सवी अंकात नकोय. छापा. माझ्या मते तो तुमच्या गठ्ठ्यातला सगळ्यात प्रेमळ लेख असणार. ज्याला फरक पडत नाही तो तिसरा अल्बम इतक्यांदा ऐकून नेमका कुठे फसला ते शोधत बसत नाही. अट एकच, ‘विकले गेले’ हा शब्दप्रयोग नको. कुठल्या गाण्यात काय बदललं ते लिहायचं.

छापण्याबद्दल दोन शब्द. पानं चारच्या पटीत ठेवा, नाहीतर पिनांच्या वेळी रडाल. गाण्यांचे शब्द अख्खेच्या अख्खे छापू नका, ते त्यांचे आहेत. दोन ओळी घ्या आणि त्यावर बोला. फोटो ज्यानं काढला त्याला विचारा, त्याचं नाव खाली घाला. टेपा सगळ्यांना वाटायच्या असतील तर आधी बँडची हरकत नाही ना ते बघा. आणि कुणाचं व्यसन, कुणाचं आजारपण, कुणाचा घटस्फोट हे त्या माणसाच्या होकाराशिवाय अंकात येता कामा नये, कितीही ‘सगळ्यांना ठाऊक’ असलं तरी. बँडच्या नुसत्या जवळ असण्यानंही माणसं गोत्यात आलेली आहेत. कम्युनिस्ट राजवटीतल्या प्रागच्या प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स या बँडभोवतीच्या मंडळींवर १९७६ मध्ये खटला चालला, तुरुंगवास झाला, आणि त्या संतापातूनच पुढे जानेवारी १९७७ ची ‘चार्टर ७७’ ही मानवी हक्कांची सनद आली. तुमच्या अंकामागे पोलीस लागणार नाहीत. पण नाव छापताना क्षणभर थांबायची सवय तिथून घ्यायला हरकत नाही.

आता बोलवायचं की नाही.

मेम्फिसच्या बिग स्टार या बँडची गोष्ट मला इथे नेहमी आठवते. १९७२ मध्ये पहिला अल्बम आला, समीक्षकांनी डोक्यावर घेतला, आणि वितरण इतकं ढिसाळ की वाचून दुकानात गेलेल्याला तो मिळेचना. सुरुवातीला १०,००० प्रतीही गेल्या नाहीत. चौघांतला क्रिस बेल बाहेर पडला, बँड जवळजवळ संपला. मे १९७३ मध्ये मेम्फिसमध्येच रॉकवर लिहिणाऱ्यांचं एक संमेलन भरवलं गेलं आणि उरलेल्या तिघांना तिथे वाजवायला उभं केलं. समोर बसलेले सगळे तो अल्बम पाठ असलेले लोक. ते नाचले. नुसतं लिहिणारी जमात, नाचली! त्या रात्रीनंतर तिघांनी पुन्हा एकत्र यायचं ठरवलं आणि १९७४ मध्ये दुसरा अल्बम आला. तोही वितरणात बुडाला, हे सांगायला हवं. पण तो झाला.

उलट न्यूट्रल मिल्क हॉटेल या बँडचा गायक जेफ मँगम. १९९८ च्या अल्बमनंतर तो बरीच वर्षं बाजूला झाला आणि चाहत्यांचं प्रेम वाढत वाढत त्याच्या दारापर्यंत जायला लागलं. तो परतला तो स्वतःच्या सवडीनं, आणि २०१३ मध्ये बँड पुन्हा दौऱ्यावर निघाला.

म्हणून कळवा, पण बोलवू नका. असं असं करतोय, या तारखेला, आलात तर मागे खुर्ची आहे, नाही आलात तर अंक पोस्टानं येईल. मंचावर बोलावून सत्कार, हातात गिटार देऊन ‘एकच गाणं’, हे अजिबात नको. वीस वर्षं न वाजवलेल्या माणसाला त्याच्याच गाण्यासमोर उभं करणं क्रूर असतं, हे मी एकदा घडवून आणलंय. तो आला, हसला, वाजवलं, आणि नंतर त्यानं माझ्याशी बोलणं सोडलं.

संध्याकाळी नकली बँडही उभा करू नका. चांगले स्पीकर लावा, पहिला डेमो सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मध्ये न बोलता, त्या आवाजाच्या पातळीला जिथे छातीत बास लागतो. एकत्र बसून तो तुम्ही कधीच ऐकलेला नसेल, प्रत्येकानं एकट्यानंच ऐकलाय. मग कार्डांचा खोका मधोमध ठेवा आणि पेन्सिली वाटा. कोऱ्या जागा त्या संध्याकाळीच भरतात. शाई नको, कारण दोन जण एकाच शोची तारीख वेगळी सांगणार आहेत.

राहता राहिली सातवी कॅसेट, जिच्या ‘बी’ बाजूला शेवटी एक अनोळखी, अर्धवट तुटलेलं गाणं आहे आणि ते अंकात ‘अप्रकाशित गाणं’ म्हणून जाहीर करायचा तुमचा विचार आहे. अजून करू नका. आधी घुरघुर मोजा. त्याच्या आधीच्या गाण्यात आणि यात ती एकच असेल, खोलीचा घुमारा तोच असेल, तर गाणं बहुधा त्याच दिवशीचं. वेगळी निघाली तर जुन्या वापरलेल्या कॅसेटवर त्यांनी डेमो भरला आणि शेवटी आधीच्या कुणाचं तरी गाणं उरलंय, असंही असू शकतं. वीस सेकंदांचा तुकडा पहिल्या ड्रमरला ऐकवा. कुणाचं आहे ते सांगू नका, नुसतं वाजवा आणि त्याची बोटं बघा.